लॉन ट्रॅक्टर नोव्हेंबर ते जून उभा राहतो, बॅटरी कशी सांभाळावी?

राऊचा_बागवान

नमस्कार. इंदूरजवळच्या राऊच्या पुढे थोडी जागा आहे, तिथल्या हिरवळीसाठी बसून चालवायचा लॉन ट्रॅक्टर आहे. पावसाळ्यात आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत तो दर आठवड्याला चालतो. गवत वाळलं की थेट पुढच्या जूनपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये उभा. बॅटरी १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-अवर, पाणी भरायची, सहा बुचांची. टर्मिनलं कारसारखी गोल नाहीत, चपटी आहेत आणि त्यांच्या भोकात नट-बोल्ट बसतो. रात्रभर इंजिन बंद ठेवून आज सकाळी मल्टिमीटर लावला तर १२.१ दाखवतोय. लाल वायरच्या टोकाला पांढरा-हिरवट खार धरलाय.

बॅटरी ट्रॅक्टरवरच राहू द्यावी की काढून शहरातल्या घरी आणावी? घरच्या इन्व्हर्टरला लावून चार्ज केली तर चालेल का? पाणी आरओचं चालतं का? फरशीवर ठेवली की उतरते असं सगळे म्हणतात, ते खरं आहे का? आणि परदेशी व्हिडिओंत थंडीपासून जपायला सांगतात, ते आपल्याला किती लागू?

माळवा_ऑटोइलेक्ट्रिक

दादा, थंडीचं आधी निकालात काढू. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड गोठायला उणे पन्नासच्या आसपास तापमान लागतं. पार उतरलेलीसुद्धा उणे सात-आठपर्यंत गोठत नाही. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत ही वेळ येत नाही. आपल्याकडे बॅटरी मरते ती उन्हाळ्यात, अर्धवट चार्जवर पडून राहिल्यामुळे.

उभ्या बॅटरीचा चार्ज आपोआप उतरत असतो. पाणी भरायच्या साध्या बॅटरीत २५ अंशांना महिन्याला साधारण ४-५ टक्के उतरतो, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट होतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४५ अंश धरले तर चौपट. उतरताना प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं. ताजं असताना ते चार्जिंगने परत सुटतं. महिनोन्‌महिने तसंच राहिलं की त्याचे कण मोठे आणि टणक होतात, मग कितीही चार्ज करा, प्लेटेचा तेवढा भाग कामाचा राहत नाही. जूनमध्ये 'बॅटरी चार्ज होते पण स्टार्टर ओढत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. म्हणून बॅटरी काढून घरी आणा, पूर्ण चार्ज करा आणि घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा. १२.१ वर असताना ठेवून देऊ नका. ती आत्ता निम्म्याच्या आसपास आहे.

काढताना चावी बंद करून आधी काळी वायर सोडवा, नंतर लाल. बसवताना उलट: आधी लाल, शेवटी काळी. कारण असं की ट्रॅक्टरची सगळी बॉडी काळ्या वायरीला जोडलेली असते. काळी जोडलेली असताना लाल बोल्टवर पाना लावलात आणि पान्याचं दुसरं टोक सीटच्या पत्र्याला टेकलं, तर पाना लाल होईपर्यंत करंट वाहतो. काळी आधी सुटली की पाना कुठेही टेकला तरी सर्किट पूर्ण होत नाही. या चपट्या टर्मिनलांना बहुधा दहाचा किंवा अकराचा पाना लागतो. बोल्ट जाम असेल तर मागून नट दुसऱ्या पान्याने धरा. नुसतं पिळलंत तर शिशाचं कान मुळातून हलतं आणि तिथून अ‍ॅसिड झिरपू लागतं. तुमचा खार त्यातलाच नाही ना, ते साफ केल्यावर बघा. टर्मिनलच्या बुडाशी पुन्हा पुन्हा ओल येत असेल तर तिथलं सील गेलंय.

खार काढायला एक लिटर कोमट पाण्यात साधारण १०० ग्रॅम खाण्याचा सोडा. सहाही बुचं घट्ट बंद आहेत हे आधी तपासा. सोड्याचा एक थेंब जरी सेलमध्ये (बुचाखालच्या कप्प्यात) गेला तरी तो आतलं अ‍ॅसिड मारतो. जुन्या टूथब्रशने लावा, फेस यायचा थांबेपर्यंत घासा, मग साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. बॅटरीचा माथाही पुसा, कारण धूळ आणि अ‍ॅसिडच्या ओलीतून दोन टर्मिनलांमध्ये बारीक करंट वाहत राहतो. वायरीची टोकं घासकागदाने चकचकीत करा. व्हॅसलीन लावायचं ते बोल्ट आवळून झाल्यावर, वरून.

चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहावा भाग, म्हणजे तुमच्यासाठी ३.५ अँपिअर. त्यामुळे इन्व्हर्टरला लावू नका. घरचे इन्व्हर्टर १००-१५० अँपिअर-अवरच्या बॅटरीसाठी असतात आणि १०-१५ अँपिअर सोडतात. ३५ ची बॅटरी त्यावर तापते, पाणी उडतं, प्लेटांवरचा मसाला (शिशाच्या संयुगांचा लेप) सुटून खाली बसतो. ३-४ अँपिअरचा, १४.४ व्होल्टला थांबून पुढे १३.५-१३.८ वर उतरणारा स्वयंचलित चार्जर घ्या. निम्मी उतरलेली बॅटरी त्यावर सात-आठ तास घेईल. हिशेब सोपा आहे: १७.५ अँपिअर-अवर भरायचे, भागिले ३.५, म्हणजे पाच तास. शेवटी करंट कमी होत जातो आणि काही वाया जातो, म्हणून वर दोन-तीन तास.

पाण्याबद्दल: फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात, तोच तर त्याच्या चवीचा भाग असतो. नर्मदेचं नळाचं पाणी किंवा बोअरचं तर अजिबात नको. एसीतून ठिबकणारं पाणी शुद्ध वाटतं, पण ते तांब्याच्या नळ्यांवरून आणि धुळीतून आलेलं असतं. अ‍ॅसिड कधीही वरून घालायचं नाही. बाष्प होऊन जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर चार्जिंगआधी त्या बुडतील एवढंच भरा, बाकी पातळी चार्ज झाल्यानंतर पूर्ण करा. चार्ज होताना पातळी वर येते. आधीच काठोकाठ भरली तर अ‍ॅसिड बुचांतून बाहेर येतं आणि पुन्हा खार धरतो.

रसायन_ताई

वरच्या सगळ्याला दुजोरा. दोन गोष्टी जोडते, त्यातली पहिली व्होल्टेजची.

इंटरनेटवर सर्रास '१२.६-१२.७ म्हणजे पूर्ण चार्ज' असं लिहिलेलं असतं. ते १.२६५-१.२८० विशिष्ट गुरुत्वाच्या (म्हणजे पाण्याच्या तेवढ्या पट जड) अ‍ॅसिडसाठी खरं आहे. उष्ण प्रदेशासाठीच्या अनेक बॅटऱ्यांत अ‍ॅसिड मुद्दाम सौम्य ठेवतात, १.२४०-१.२५०, म्हणजे प्लेटा आणि जाळ्या लवकर खाल्ल्या जात नाहीत. एका सेलचं स्थिर व्होल्टेज अंदाजे काढायचं सूत्र: गुरुत्व अधिक ०.८४. १.२४० ला एक सेल २.०८ व्होल्ट, सहा सेल मिळून जवळजवळ १२.५. अशी बॅटरी १२.५ वर थांबली म्हणून 'अजून भरली नाही' समजून चार्ज करत बसलात तर फक्त पाणी जळेल. बॅटरीवरच्या स्टिकरवर किंवा वॉरंटी कार्डावर गुरुत्व छापलेलं असतं, ते पाहा. आणि चार्जर काढल्याबरोबर मोजू नका. प्लेटांवरचा तात्पुरता चढलेला व्होल्टेज उतरायला काही तास लागतात, रात्रभर थांबलात तर उत्तम.

खरं मोजमाप गुरुत्व दाखवणाऱ्या हायड्रोमीटरचं. काचेची नळी, आत तरंगणारा काटा, वर रबरी फुगा, बॅटरीवाल्याकडे मिळतो. आपल्याकडची मापं २७ अंशांसाठी धरलेली असतात. अ‍ॅसिड त्याहून गरम असेल तर दर अंशाला ०.०००७ मिळवा. ३७ अंशांच्या अ‍ॅसिडने १.२३३ दाखवलं तर ते प्रत्यक्षात १.२४० आहे. पाणी घातल्याबरोबर घेतलेलं माप खोटं येतं, कारण पाणी वरच तरंगतं. तासभर चार्ज होऊन मिसळू द्या, मग मोजा.

दुसरी गोष्ट गॅसची. चार्जिंगच्या शेवटी पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. बॅटरी फुटते तेव्हा प्लास्टिकचे तुकडे आणि अ‍ॅसिड दोन्ही चेहऱ्यावर येतं. म्हणून चिमटे लावून झाल्यावरच चार्जरचा स्विच चालू करा आणि स्विच बंद केल्यावरच चिमटे काढा. ठिणगी बरोबर बुचांच्या वर पडू नये एवढ्यासाठीच हा क्रम. चार्जिंग गच्चीवर सावलीत किंवा उघड्या ओसरीत. स्वयंपाकघर, गॅस गीझर, देवघर या तिन्हींपासून लांब. समई-निरांजनाची ज्योत पुरेशी असते. बंद खोलीत रात्रभर लावून तिथेच झोपणं तर नकोच.

चश्मा आणि रबरी हातमोजे घाला. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. अंगठी दोन टर्मिनलांत अडकली तर क्षणात तापते आणि बोट भाजतं. अ‍ॅसिड कातडीवर पडलं तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून साध्या पाण्याने १५-२० मिनिटं सलग, मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. डोळ्यात सोडा घालायचा नाही, सोडा जमिनीवर सांडलेल्या अ‍ॅसिडसाठी. हे काम सुरू करण्याआधी पाण्याची भरलेली बादली शेजारी ठेवलेली असावी. नळ शोधायला जायला वेळ नसतो.

तिल्लोर_फार्म

एवढा खटाटोप कशाला? दर पंधरा दिवसांनी माळ्याला सांगून दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, बॅटरी आपोआप भरते. आणि काढलीच तर लाकडी फळीवर ठेवा, फरशी चार्ज खेचते.

माळवा_ऑटोइलेक्ट्रिक

@तिल्लोर_फार्म भाऊ, आकडे मांडून बघा. उन्हाळ्यात ३५ ची बॅटरी महिन्याला निदान ३-४ अँपिअर-अवर आपोआप घालवते, शेड तापत असेल तर जास्तच. लहान लॉन ट्रॅक्टरवर फ्लायव्हीलखाली स्टेटर, म्हणजे वीज तयार करणारी गुंडाळी असते. काही मॉडेलांत तो पूर्ण वेगावरही ३ अँपिअरच देतो, मंद गतीवर त्याहून कमी. पंधरा मिनिटांत पदरात पडतो जेमतेम अर्धा अँपिअर-अवर, त्यातला थोडा स्टार्टरने आधीच खाल्लेला. महिन्यात दोनदा केलं तरी भरणा एक, खर्च तीन-चार. मोठ्या ट्रॅक्टरवर १५-१६ अँपिअरचं, रेग्युलेटरवालं (व्होल्टेज आवरून धरणारं) चार्जिंग असतं, तिथं गोष्ट जरा बरी. पण पात्याचा इलेक्ट्रिक क्लच चालू ठेवला तर तोच चारेक अँपिअर घेतो. शिवाय थंड इंजिन दहा मिनिटं चालवून बंद केलं की सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये ओल साठते. त्यापेक्षा पूर्ण बंद ठेवलेलं इंजिन जास्त सुखी.

तुमच्या ट्रॅक्टरची चार्जिंग व्यवस्था नीट आहे का हे बघायचं असेल तर इंजिन पूर्ण गतीवर ठेवून टर्मिनलांवर मोजा. रेग्युलेटर असेल तर १३.८ ते १४.७ च्या मध्ये यायला हवं. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय आणि पाणी झपाट्याने कमी होत असणार. १२.६ च्या पुढे हलतच नसेल तर स्टेटरची वायर, फ्यूज किंवा रेग्युलेटरची अर्थिंग तपासा.

फरशीचं: पूर्वी बॅटरीचे डबे लाकडाचे किंवा कडक रबराचे असत, ओल शिरून करंट झिरपायचा, तेव्हाची ती सूचना. आजच्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यातून फरशी काही खेचत नाही. तरी फळी ठेवाच, पण वेगळ्या कारणाने: अ‍ॅसिड झिरपलं तर कोटा स्टोन खराब होतो. प्लास्टिकचा उथळ ट्रे सगळ्यांत चांगला.

@राऊचा_बागवान ट्रॅक्टरवर बॅटरी असतानाचा छुपा खर्चही एकदा तपासा. काळी वायर सोडवून मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा आणि वायर व बॅटरी यांच्या मध्ये जोडा. चावी बंदच राहू द्या; मीटर मध्ये असताना चुकून स्टार्टर मारला तर मीटरचा फ्यूज तरी जातो, नाहीतर मीटरच. ३० मिलिअँपिअर जरी दिसले तरी दिवसाला ०.७२ आणि महिन्याला २१.६ अँपिअर-अवर, म्हणजे निम्म्याहून जास्त बॅटरी. रेग्युलेटरमधला गळका डायोड हे नेहमीचं कारण.

राऊचा_बागवान

सगळ्यांचे मनापासून आभार. बॅटरी घरी आणली, साफ केली, ३.५ अँपिअरवर चार्ज केली. टर्मिनलच्या बुडाशी ओल नाही. स्टिकरवर गुरुत्व १.२४० लिहिलंय. रात्रभर थांबून मोजलं: १२.४२ व्होल्ट. हायड्रोमीटर पाच सेलमध्ये १.२३५ ते १.२४०, पण तिसऱ्या सेलमध्ये १.१७५. अ‍ॅसिडचं तापमान २७-२८. चावी बंद असताना मीटरवर शून्य. तिसरा सेल मेला का?

रसायन_ताई

अजून सांगता येत नाही. तुमचे आकडे आपसात जुळतात: पाच सेल १०.४ च्या जवळ, तिसरा २.०१५, बेरीज १२.४१-१२.४२. म्हणजे मोजणी चोख आहे. नुसत्या व्होल्टेजवरून पाहिलं असतं तर 'थोडी कमी भरली' एवढंच कळलं असतं.

सेलांमध्ये ०.०२५-०.०३० पेक्षा जास्त फरक असला की संशय घ्यायचा. तुमचा ०.०६० आहे. कारणं दोन असू शकतात. एकतर तो सेल बाकीच्यांपेक्षा मागे पडलाय, त्याला जास्त वेळ मंद चार्ज हवा. किंवा आत मसाला साचून प्लेटांमध्ये हलका शॉर्ट झालाय. तिसऱ्या सेलमध्ये नुकतंच बाकीच्यांपेक्षा जास्त पाणी घातलं होतंत का, तेही आठवा.

करून पाहण्यासारखं हे: १.५ ते २ अँपिअरवर, उघड्या हवेत, दर तासाला सगळ्या सेलचं गुरुत्व लिहीत चार्ज करा. स्वयंचलित चार्जर १४.४ ला थांबत असेल तर करंट ठरवता येणारा साधा चार्जर लागेल, आणि मग समोरून उठायचं नाही. तिसरा सेल हळूहळू वर येतोय तोवर चालू ठेवा. लागोपाठ तीन तासांच्या नोंदी सारख्या आल्या की थांबा, त्यापुढे काही मिळत नाही. अ‍ॅसिड ५० अंशांवर गेलं तर बंद करून ४५ च्या खाली येऊ द्या. याच कारणाने उन्हाळ्यात हे काम रात्री करावं. बाकीचे पाच सेल बुडबुडे सोडतायत आणि तिसरा शांत बसून गरम होतोय असं दिसलं, तर शॉर्ट आहे, प्रयत्न सोडा.

माळवा_ऑटोइलेक्ट्रिक

ताईंच्या चार्जिंगनंतर १२ तास थांबून बॅटरी ट्रॅक्टरवर लावा, स्पार्क प्लगची टोपी काढून अर्थला टेकवा आणि पाच-सात सेकंद स्टार्टर फिरवा. दुसऱ्या माणसाने टर्मिनलांवर मीटर धरावा. ९.६ च्या वर टिकली तर हा मोसम काढेल. फिरवताना व्होल्टेज एकदम ८-८.५ वर कोसळलं तर एक सेल गेला.

नवी घ्यायची वेळ आली तर एक गोष्ट जपा, इथं बरेच जण फसतात. दुकानदार '३५ ची ना, ही घ्या' म्हणून छोट्या कारची ३८बी२० मापाची बॅटरी देतो. लांबी-रुंदी जवळजवळ तीच, १९७ बाय १२९-१३० मिलिमीटर, त्यामुळे ट्रेमध्ये छान बसते. पण लॉन ट्रॅक्टरची यू-१ मापाची बॅटरी टर्मिनलांसकट साधारण १८५ मिलिमीटर उंच असते आणि ही कारची सव्वादोनशेच्या पुढे. सीट किंवा बॉनेट खाली आलं की पत्रा थेट लाल टर्मिनलवर, आणि खाली पेट्रोलची टाकी. शिवाय कारच्या बॅटरीला गोल खांब, तुमच्या वायरींना भोकाचे चपटे थिंबल (टोकाच्या पट्ट्या). मग कुणीतरी तार गुंडाळून जोडतं आणि तिथे ठिणग्या. घरून निघताना ट्रेपासून वरच्या पत्र्यापर्यंतची उंची मोजून चिठ्ठीवर लिहा आणि लाल टर्मिनल कोणत्या हाताला आहे तेही. उलट बाजूची घेतली तर वायर पोचत नाही, ताणून बसवली की थरथरीने घासते. लाल टर्मिनलवर रबरी टोपी असायलाच हवी, आणि बॅटरी पट्टीने घट्ट आवळलेली. सैल बॅटरीचा मसाला खडबडीत जमिनीवर लवकर गळतो.

राऊचा_बागवान

तिसरा सेल मंद चार्जिंगवर १.२१५ पर्यंत आला, बाकीचे १.२४०. स्टार्टर फिरवताना १०.१. म्हणजे ठेवायला हरकत नाही असं धरतो. घरात तळमजल्यावर जिन्याखाली जागा आहे. महिन्यातून एकदा चार्जर लावायचा की कायम लावून ठेवायचा? आणि पुढे शेडवरच ठेवायची झाली तर सोलरचा काही उपाय आहे का?

रसायन_ताई

१.२१५ म्हणजे फरक ०.०२५, चालेल. पण त्या सेलवर लक्ष ठेवा. जिन्याखाली हवा खेळती असेल तर जागा उत्तम; दार लावलेलं कोंदट कपाट असेल तर चार्जिंग तिथे नको, फक्त ठेवायला. महिन्यातून एकदा व्होल्टेज पाहा. तुमच्या बॅटरीला १२.३५ च्या खाली दिसलं की चार्ज करा, मार्च ते जून मात्र न मोजताही दर महिन्याला एकदा. कायम लावून ठेवायचा असेल तर १३.५-१३.८ वर थांबणाराच चार्जर, आणि पाण्याची पातळी दर महिन्याला.

माळवा_ऑटोइलेक्ट्रिक

शेडवर वीज नसेल तर १० वॉटचं १२ व्होल्टचं पॅनल पुरतं. चांगल्या उन्हात अर्धा अँपिअर, दिवसाला दोन-अडीच अँपिअर-अवर, जे आपोआप उतरण्याच्या कितीतरी पट आहे. म्हणूनच मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. मोकळ्या पॅनलचं व्होल्टेज २१-२२ असतं, थेट जोडलं तर एप्रिल-मेमध्ये पाणी आटून प्लेटा उघड्या पडतील. बॅटरीच्या अगदी जवळ लाल वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज टाका. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडा, नंतर पॅनल. काढताना आधी पॅनल. एवढं करूनही पत्र्याखालची उष्णता तशीच राहते, तेव्हा तुमच्यासाठी जिन्याखालचीच जागा बरी.

जुनी बॅटरी कधी टाकायची झाली तर अटालेवाल्याला (भंगारवाल्याला) देऊ नका. तो अ‍ॅसिड नाल्यात ओतून शिसं काढतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करून देतो. नेताना उभीच ठेवा, स्कूटरच्या पायाशी आडवी नको, आणि टर्मिनलांवर चिकटपट्टी लावा.